आवडींचाही हिशेब आहे

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव पुष्कळांनी पाहिलेले नसते. मात्र वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडा, माणकोली या पट्ट्यातील गोदामांतून निघालेली एखादी तरी वस्तू मुंबई-ठाण्यातील असंख्य घरांत पोहोचलेली असते. एके काळी भाताची खाचरे आणि खाडीकाठ अशी या भागाची ओळख होती. मुंबई हाकेच्या अंतरावर, नाशिककडे जाणारा महामार्ग जवळ आणि तरीही मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, यामुळे व्यापाऱ्यांनी येथे माल साठवण्यास सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. पण गोदामे हटली नाहीत. घरबसल्या खरेदीचे युग आले आणि ती वाढतच गेली. आज या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना पत्र्याची उंच छपरे, त्यांच्यापुढे रांगेने उभे कंटेनर आणि मधूनच एखादे तग धरून राहिलेले शेत दिसते.

या गोदामांत काय साठवलेले असते, याचा विचार करू लागलो की मन थबकते. तांदूळ, औषधे, शालेय वह्या या गरजेच्या वस्तू तेथे आहेतच. पण मोबाईलची रंगीबेरंगी आवरणे, खेळण्यातली विमाने, चित्रकलेचे रंग, दुर्बिणी, सायकली, अत्तरे, कुंड्या, कॅमेरे, घड्याळे हेही तेथेच असते. एका अर्थाने ही गोदामे म्हणजे आपल्या आवडींची खानेसुमारी होय. समाजाला कशाची हौस आहे हे जाणायचे असेल तर त्याची भाषणे ऐकू नयेत, त्याची गोदामे पाहावीत.

येथूनच एक प्रश्न उभा राहतो. यंत्रांचे कुतूहल, निसर्गाची ओढ, कलेची आवड आणि रोजच्या जीवनातील लहानसहान छंद यांना श्रद्धावंताच्या जीवनात कोणते स्थान आहे? आपल्या घरांत या प्रश्नाची साधारणतः दोन उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हे सारे फुजूल आहे, यात वेळ घालवू नका. तरुण म्हणतात, यात हराम असे काय आहे? जे हराम नाही त्याबद्दल विचारता कशाला? पहिले उत्तर आवडीलाच अपराध ठरवते. दुसरे उत्तर आवडीला सर्व हिशेबांतून मोकळे करते. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, पण दोन्ही अपुरी आहेत.

तिर्मिजी यांनी नोंदवलेल्या एका हदीसचा आशय असा की, अंतिम निवाड्याच्या दिवशी काही गोष्टींबद्दल जाब दिल्याखेरीज माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही: आयुष्य कशात खर्च केले, ज्ञानाचे काय केले, धन कोठून मिळवले व कोठे वेचले, शरीर कशात झिजवले. या प्रश्नांत केवळ हराम गोष्टींचाच उल्लेख नाही. आयुष्य कशात गेले, असा सरळ प्रश्न आहे; आणि आपले आयुष्य पुष्कळसे आपल्या आवडींतच जात असते. म्हणून आवडींचाही हिशेब आहे.

लोखंड आणि सूत

प्रथम यंत्राचा विचार करू. भिवंडीच्या माणसाला यंत्र परके नाही. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्तानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे हातमाग लावले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि धोट्याची खटखट हा या शहराचा श्वासच बनला. वळच्या गोदामांच्या आधी भिवंडीने जगाला जे दिले ते कापड होय.

कुरआनमध्ये यंत्रविद्येकडे तुच्छतेने पाहिलेले नाही. 'अल-हदीद' म्हणजे लोखंड या नावाची एक संपूर्ण सूरह आहे आणि लोखंडात मोठी शक्ती व लोकांसाठी लाभ आहेत, असे तेथे सांगितले आहे. 'सबा' या सूरहमध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो. पण तेथे दोन गोष्टी त्यानंतर लगेच येतात. चिलखत बनवताना कड्या योग्य मापाने जोडाव्यात, हा पहिला आदेश. आणि सत्कर्म करावे, हा दुसरा. कसब आणि सदाचार हे शेजारी शेजारी बसवलेले आहेत. कडीला कडी नेमकी बसली पाहिजे याची काळजी घेणे हा धर्माच्या बाहेरचा विषय नाही. बंद पडलेले घड्याळ उघडून त्याची चक्रे न्याहाळणारा मुलगा किंवा मागाचा आवाज बदलताच कोणता भाग सैल झाला हे ओळखणारा कारागीर, यांच्या ठिकाणी जो आनंद असतो तो या आदेशाच्या जवळचा आहे. प्रत्येक गोष्ट उत्तम रीतीने करणे अल्लाहने विहित केले आहे, ही मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीस आपण ऐकतो. कसबाची आवड ही त्या उत्तमतेची पहिली पायरी असते.

यंत्र आणि माग यांचे नाते आपल्या हातातील मोबाईलपर्यंत येऊन पोहोचते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने मागाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. भोक असेल तेथे उभा धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही, आणि त्यातून कापडावर नक्षी उमटे. हीच कल्पना पुढे इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. आहे किंवा नाही, या दोनच खुणांवर आजचा संगणक चालतो. म्हणजे संगणकाच्या वंशावळीत एक पूर्वज विणकर आहे.

दुसरे नाते आपल्याला अधिक जवळचे आहे. 'अल्गोरिदम' हा शब्द आज मुलेही वापरतात. आपण काय पाहावे, काय विकत घ्यावे, हे सुचवणारी जी अदृश्य रीत मोबाईलमध्ये काम करते तिला हे नाव आहे. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणिती मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून लॅटिनमार्गे युरोपात रूढ झाला. त्यांच्या बीजगणितावरील ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीचा आहे. मृताच्या संपत्तीतून विधवेला किती, मुलीला किती, मृत्युपत्राप्रमाणे कोणाला किती, हे अचूक काढता यावे, व्यापारात व जमिनीच्या मोजणीत कोणाचे नुकसान होऊ नये, या गरजांतून ते गणित मांडले गेले. हक्कदाराला त्याचा हक्क पोहोचवणे, हा त्या विद्येचा एक हेतू होता.

आता त्याच नावाने ओळखली जाणारी रीत आपल्या घरात काय करते ते पाहावे. रात्री झोपण्यापूर्वी एक चित्रफीत पाहावी म्हणून मोबाईल हाती घेतला जातो. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी निघते. तास उलटतो. पत्नीच्या बोलण्याचा हक्क, मुलाच्या प्रश्नाचा हक्क, शरीराच्या झोपेचा हक्क आणि फज्रच्या नमाजचा हक्क, सारे त्या एका तासात बुडालेले असतात. दोष लोखंडाचा नाही, गणिताचाही नाही. ज्याला जे देणे होते ते न देता आपण आपले लक्ष दुसऱ्याच्या हाती दिले, हा दोष आहे. 'अन्-नहल' या सूरहमध्ये घट्ट कातलेले सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या स्त्रीचे उदाहरण आले आहे. ते शपथा मोडणाऱ्यांविषयी आहे हे खरे. पण सुताच्या गावात राहणाऱ्याला ते वाचताना आपला दिवसही आठवतो. सकाळपासून कष्टाने, नमाजने, चांगुलपणाने कातलेला दिवस रात्री बोटाच्या एका हालचालीने उसवला जातो.

पाहण्याची इबादत

निसर्गाची आवड ही त्या मानाने निर्दोष समजली जाते. कुरआन तर पाहण्याचे आवाहन पुनःपुन्हा करतो. उंट कसा घडवला, आकाश कसे उंचावले, पर्वत कसे रोवले, धरती कशी पसरली, याकडे लोक पाहत नाहीत काय, असा प्रश्न 'अल-गाशिया' या सूरहमध्ये आहे. 'अल-मुल्क'मध्ये तर निर्मितीत कोठे फट दिसते का, हे पुन्हा नजर वळवून पाहण्यास सांगितले आहे. पुन्हा पाहणे हे महत्त्वाचे आहे. एकदा पाहिल्याने ओळख होते. पुन्हा पाहिल्याने आश्चर्य जागे होते.

'अन्-नहल' सूरहमधील एका सूक्ष्म गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. गुराढोरांच्या उपयोगांची यादी तेथे दिली आहे: ऊब मिळते, लाभ होतात, अन्न मिळते, ओझी वाहिली जातात. पण या यादीच्या मध्येच, सायंकाळी ती परत आणताना आणि सकाळी चरावयास सोडताना त्यांत तुमच्यासाठी सौंदर्य आहे, असेही नमूद केले आहे. त्या सौंदर्याने पोट भरत नाही, थंडी जात नाही. तरीही ते देणगी म्हणून मोजले गेले आहे. म्हणजे सौंदर्याकडे पाहून सुखावणे ही वायफळ गोष्ट नाही. ती दिलेली देणगी आहे आणि देणगीचे आभार मानावयाचे असतात.

आपल्याकडे पाहण्यासारखे काय कमी आहे? पावसाळ्यात माहुलीचे सुळके ढगांत जातात. तानसा तलावाभोवती अभयारण्य आहे. १८९२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचे पाणी आजही मुंबई पिते. वसईच्या खाडीकाठी तिवरांची दाट झाडी आहे. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर डोकावतात, कारण खाऱ्या चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास घ्यावयाचा असतो. त्या मुळांच्या जाळ्यात माशांची व कोळंबीची पिल्ले वाढतात आणि भरतीच्या पाण्याचा जोर तेथे मोडतो. एवढी योजना एका चिखलात!

परंतु निसर्गप्रेमाचीही एक फसवणूक असते. काश्मीरच्या बर्फाची चित्रे मोबाईलवर साठवणारा माणूस आपल्या गावच्या कामवारी नदीकडे नाक दाबून पाठ फिरवतो. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रंगीत पाणी पोटात घेऊन ती नदी खाडीला मिळते. खाचरांवर भराव पडतो, पाण्याच्या जुन्या वाटा बुजतात आणि मग मुसळधार पावसात पाणी घरांत शिरले की आपण पावसाला दोष देतो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. न्यायालयाने जे कायद्याच्या भाषेत सांगितले ते श्रद्धावंताला आधीच ठाऊक असावयास हवे होते, कारण धरती त्याच्या हाती अमानत म्हणून दिलेली आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी शिकवले की, कयामत येऊन ठेपली असता कोणाच्या हातात रोपटे असेल आणि ते लावणे शक्य असेल, तर त्याने ते लावावे. ज्या झाडाची फळे कोणी खाणार नाही, ज्याची सावली कोणाला मिळणार नाही, तेही लावावे. म्हणजे निसर्गावरील प्रेम डोळ्यांपाशी थांबता कामा नये. ते हातापर्यंत यावे लागते.

नक्षीदार चादर

कलेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सजीवांच्या प्रतिमांविषयी विद्वानांमध्ये झालेली चर्चा सुप्रसिद्ध आहे आणि तिचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. मला येथे एका वेगळ्या प्रसंगाकडे वळावयाचे आहे. तो बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आला आहे आणि तो नेमका कापडाविषयी आहे. पैगंबर (स.) यांनी एकदा नक्षी असलेली चादर पांघरून नमाज अदा केली. नमाजमध्ये त्यांची दृष्टी त्या नक्षीवर गेली. नमाज संपल्यावर त्यांनी ती चादर अबू जहम (रजि.) यांच्याकडे नेण्यास सांगितले आणि त्यांच्याकडील साधी, जाडीभरडी चादर मागवून घेतली, कारण नक्षीने नमाजमधील लक्ष विचलित केले होते.

या लहानशा प्रसंगात कलेविषयीची एक पूर्ण दृष्टी सामावलेली आहे. ती चादर हराम ठरवली गेली नाही, फाडली गेली नाही, जाळली गेली नाही. तिचे सौंदर्य नाकारलेही नाही. उलट ती सुंदर होती म्हणूनच नजर तिकडे गेली. इतर वृत्तांतांवरून कळते की, ती चादर अबू जहम यांनीच भेट दिली होती. भेट परत आल्याने त्यांचे मन दुखावू नये म्हणून तिच्या बदल्यात त्यांचीच दुसरी चादर मागवली, असे भाष्यकार सांगतात. म्हणजे एका हालचालीत तीन हक्क राखले गेले: नमाजचा, मित्राच्या मनाचा आणि त्या सुंदर वस्तूचाही. सुंदर वस्तू योग्य जागी असू द्यावी. तिने अंतःकरणातील मुख्य जागा घेऊ नये, एवढेच.

अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, हा आशय असलेली हदीस मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. तो विचार मुस्लिम कारागिरांनी अक्षरांत उतरवला. दहाव्या शतकातील इब्न मुकला यांनी सुलेखनाला प्रमाणबद्धतेचे नियम दिले. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका हे माप. किती ठिपक्यांचा अलिफ, त्या अलिफच्या लांबीचा व्यास असलेले वर्तुळ आणि त्या वर्तुळातून इतर अक्षरांच्या गोलाई, अशी ती रचना होती. बोरू शाईत बुडवून एकच अलिफ शंभरदा काढण्याची सवय ज्याला आहे त्याला ठाऊक असते की, हात थरथरला की अक्षर लगेच चुगली करते. श्वास आवरावा लागतो, मन एकाग्र करावे लागते. आवड अशी असेल तर ती माणसाला विखुरत नाही, गोळा करते. कलेची खरी परीक्षा मला येथेच दिसते. कलाकृतीपासून दूर झाल्यावर आपण अधिक शांत, अधिक विनम्र, अधिक सावध होतो की अधिक रिकामे, अधिक अधीर? उत्तर ज्याचे त्याला लगेच कळते.

चिमुकला पक्षी आणि उमदे घोडे

रोजच्या लहान आवडींना फुजूल म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पैगंबर (स.) यांच्या घरगुती जीवनाकडे एकदा प्रेमाने पाहावे. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत आणि त्यांच्या मैत्रिणींना पैगंबर (स.) स्वतः आत पाठवत. पुढे एका प्रवासात या दोघांनी धावण्याची शर्यत लावली; आधी त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. हबशी मंडळींचा भाल्यांचा खेळ मस्जिदीत चालला असता त्यांनी आयेशा (रजि.) यांना तो मनसोक्त पाहू दिला. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे एक चिमुकला पक्षी होता. तो मेला तेव्हा अल्लाहचे पैगंबर त्या लहान मुलाला 'अबू उमैर' अशी मोठ्या माणसासारखी हाक मारून त्याच्या पक्ष्याची विचारपूस करीत. राज्यकारभार, युद्धे, वह्य या साऱ्यांचा भार ज्यांच्या खांद्यावर होता त्यांना एका बालकाच्या छंदासाठी वेळ होता. इब्नुल कास या शाफई विद्वानांनी तर या एका हदीसमधून साठ बोध काढले. आपल्या मुलाने जमवलेल्या काडेपेटीच्या चित्रांकडे आपण कधी इतक्या आदराने पाहिले आहे काय?

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू 'साद' या सूरहमधील हजरत सुलैमान (अ.) यांच्या प्रसंगात आहे. सायंकाळी त्यांच्यापुढे उमदे, वेगवान घोडे आणले गेले. त्यांच्या प्रेमाचा व पालनकर्त्याच्या स्मरणाचा उल्लेख करून ते बोलले, आणि काहीतरी पडद्याआड गेले. मग त्यांनी ते घोडे परत मागवले आणि त्यांच्या पायांना व मानांना हात लावला. या आयतींचा अर्थ भाष्यकारांनी दोन प्रकारे लावला आहे. काहींच्या मते घोडे पाहता पाहता सूर्य मावळला, अस्रची इबादत राहून गेली आणि त्या व्याकुळतेत त्यांनी ते घोडे अल्लाहच्या मार्गात कुर्बान केले. इमाम तबरी यांच्यासह दुसऱ्या मताचे विद्वान म्हणतात की, त्यांनी घोड्यांना मायेने कुरवाळले, कारण निरपराध जनावरांना शिक्षा देण्याचे कारण नव्हते.

मला या दोन अर्थांत विरोधापेक्षा पूरकता अधिक दिसते. एक अर्थ सांगतो की, आवड स्मरणाच्या आड आली तर ती सोडण्याचे बळ असावे, मग ती कितीही मोलाची असो. दुसरा अर्थ सांगतो की, आवड स्मरणातून उगवली असेल तर तिला हात लावणे, तिची निगा राखणे हेच स्मरण होय. एकच घोडा, एकच सायंकाळ, पण अंतःकरणातील क्रम बदलला की अर्थ बदलतो. प्रश्न घोडे ठेवावेत की नाही असा नसून आधी कोण आणि नंतर कोण, असा आहे.

गोदामाच्या आत उभा असलेला माणूस

आवडींचा विचार करताना आपण बहुधा स्वतःपाशीच थांबतो. माझा वेळ, माझे धन, माझे मन, एवढ्यातच हिशेब संपतो. परंतु वळच्या रस्त्याने जाणाऱ्याला आणखी एक व्यक्ती दिसते. कळ दाबल्यापासून दारावरची घंटी वाजेपर्यंतच्या मार्गात ती उभी असते. कोणी कंटेनरमधून खोकी उतरवतो, कोणी फडताळांच्या रांगांतून वस्तू शोधून आणतो, कोणी दिवसभर पुठ्ठ्यावर चिकटपट्टी ओढतो, कोणी पाठीवर थैला घेऊन चार मजले चढतो. त्यांत आपली मुले आहेत, शेजारच्या आगरी-कुणबी घरांतील मुले आहेत आणि दूरच्या प्रांतांतून आलेली मुलेही आहेत. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यातील दुपार कशी असते हे त्यांना विचारावे.

या गोदामांनी पोटाला काम दिले, हे मान्य केलेच पाहिजे. माग बंद पडू लागलेल्या शहरात ते लहान उपकार नव्हेत. तथापि पैगंबर (स.) यांनी हाताखालच्या माणसांना बंधू म्हटले आणि त्यांच्या ताकदीबाहेरचे काम त्यांच्यावर लादू नका, लादलेच तर स्वतः हातभार लावा, असे बजावले. ही हदीस मालकाला उद्देशून आहे, असे समजून ग्राहक सुटू पाहतो. पण आज दाबले आणि उद्या सकाळी हवे, ही घाई कोणाची असते? ज्या वस्तूवाचून आठवडाभर काहीही अडणार नव्हते, तिच्यासाठी भर पावसात एक मुलगा दुचाकी पळवतो, आणि उशीर झाला म्हणून आपण त्याला बोल लावतो. आपली हौस कोणाच्या तरी पाठीवरून येते. तो आला असता त्याला पाण्याचा पेला विचारणे आणि घाई नसेल तेथे घाई न मागणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

मग कसोटी कोणती?

इमाम गजाली आणि पुढे चौदाव्या शतकातील इमाम शातिबी यांनी मानवी हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली जरूरियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जीवन कोसळेल अशा गोष्टी. दुसरी हाजियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जीवन ओढाताणीचे होईल. तिसरी तहसीनियात, म्हणजे ज्यांनी जीवन शोभिवंत होते. आपल्या बहुतेक आवडी या तिसऱ्या पायरीवर बसतात. तिसऱ्या पायरीला या विद्वानांनी रद्द केले नाही. तिला तिसरी म्हटले, एवढेच. शोभा ही घराची असते. पायाच्या दगडांवर शोभेसाठी घाव घालणारा मनुष्य घरही गमावतो आणि शोभाही. घरभाडे थकले असता हप्त्यांवर नवा मोबाईल घेणे, हे पायावर घाव घालणेच होय.

या आधारावर प्रत्येकाने आपल्या आवडीला काही प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न हक्काचा: या आवडीसाठी कोणाचा हक्क बुडतो काय? अल्लाहचा, आईवडिलांचा, पत्नीचा, लेकरांचा, शेजाऱ्याचा, मजुराचा, स्वतःच्या शरीराचा? दुसरा प्रश्न लगामाचा: अजान झाली असता, आईने हाक मारली असता मी हे हातातले बाजूला ठेवू शकतो काय? ठेवू शकत असेन तर मी स्वार आहे. नसेन तर मी घोडा आहे. तिसरा प्रश्न हातांचा: या आवडीने मी काही शिकतो, घडवतो, जतन करतो, की केवळ जमा करतो? रंगांच्या डब्या जमवणे म्हणजे चित्रकला नव्हे, आणि दुर्बिणी जमवणे म्हणजे पक्ष्यांवरील प्रेम नव्हे. चौथा प्रश्न कृतज्ञतेचा: या आनंदाच्या शेवटी माझ्या मुखातून 'अल्हम्दुलिल्लाह' सहज निघते काय? जो आनंद हे शब्द उच्चारताना संकोचतो, त्याच्यात काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे.

कोणी म्हणेल, एवढी तपासणी करीत बसलो तर आनंदच उरणार नाही. अनुभव याच्या उलट आहे. हजरत हन्जला (रजि.) यांना भीती वाटली की, पैगंबरांच्या सहवासात मन उंचावते आणि घरी बायकामुलांत व जमीनजुमल्यात रमले की ते खाली येते, हा दांभिकपणा तर नव्हे? त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, काही वेळ असा, तर काही वेळ तसा. मन सदासर्वदा एका उंचीवर राहत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. विश्रांतीला धर्मात जागा आहे. तपासणी विश्रांती हिरावून घेत नाही. ती विश्रांतीला विश्रांती ठेवते आणि गुलामी होऊ देत नाही.

'अत्-तकासुर' या सूरहचा विषय अधिकाधिक मिळवण्याची चढाओढ हा आहे. ती चढाओढ माणसाला कबरी दिसेपर्यंत गाफील ठेवते. ही सूरह पठण करून पैगंबर (स.) यांनी जे सांगितले, त्याचा सारांश असा: माणूस माझे धन, माझे धन म्हणत राहतो, पण त्याचे खरे तेवढेच, जे त्याने खाऊन संपवले, नेसून जुने केले किंवा दान देऊन पुढे पाठवले. वळच्या गोदामांच्या संदर्भात हे वचन विलक्षण जिवंत होते. गोदामातला माल कोणाचाच नसतो, तो वाटेवर असतो. कपाटात न उघडता पडून राहिलेले खोके म्हणजे घरात आलेले लहान गोदामच. त्याउलट ज्या सायकलीची गादी वापरून झिजली, ज्या बोरूचे टोक लिहून बोथट झाले, जे रोपटे शेजाऱ्याच्या अंगणात लावून दिले, ते खरे आपले झाले.

मराठीत 'वळ' या शब्दाचा एक अर्थ अंगावर उमटलेली खूण असाही आहे. फटक्याचा वळ उठतो, दोरीचा वळ उठतो. गावाच्या नावाचा या अर्थाशी संबंध असो वा नसो, प्रत्येक आवडीचाही अंतःकरणावर एक वळ उमटत असतो. काही वळ सजद्याच्या खुणेसारखे असतात, काही बेडीच्या खुणेसारखे. रोज थोडे थोडे उमटतात, म्हणून लवकर दिसत नाहीत. वाचक बंधू-भगिनींनो, या आठवड्यात एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, प्रत्येकाने आपली एक आवड सांगावी आणि वर दिलेले चार प्रश्न एकमेकांना प्रेमाने विचारावेत. मुलांनी वडिलांनाही विचारावेत. जी आवड या प्रश्नांतून तरून जाईल तिला घराने साथ द्यावी, आणि जी तरणार नाही तिच्याविषयी कोणाची लाज न काढता विचार व्हावा.

अल्लाह आपल्या डोळ्यांना निर्मितीचे सौंदर्य पाहण्याची, हातांना उत्तम काम करण्याची आणि मनाला योग्य क्रम राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.